थोरलीची गादी पुन्हा ओली व्हायला लागली तेव्हा
थोरली चार वर्षांची. बाळाला घेऊन माहेराहून सोलापूरला आले आणि तिसऱ्याच रात्री तिनं गादी ओली केली. दीड वर्षापूर्वी सुटलेली सवय! मी रागावले, ते चुकलंच. सासूबाई म्हणाल्या, "अगं, तिची मांडी गेलीय." खरंच, बाळ दर दोन-तीन तासांनी अंगावर पिणार, मग मांडी रिकामी कधी? आता पाजायला बसले की तिला शेजारी चादरीवर घेते. वाटीत दही-शेंगाचटणीत कुस्करलेली भाकरी, आणि गोष्ट तिनं मला सांगायची. मालिशच्या तेलाची वाटीही तीच आणते (निम्मं तेल फरशीवर). पंधरा दिवसांत गादी कोरडी. परवा मात्र बाळालाच चटणी चाटवायला निघाली होती! सहा महिने फक्त आईचं दूध, हे आता तिच्याकडून रोज घोकून घेते.