पाच जनावरांचा गोठा: सोलापूरच्या उन्हात दिवस कसा बसवावा

गाय आणायच्या आधी बादल्या मोजा. दुधावरची मोठी संकरित गाय उन्हाळ्यात दिवसाला ८० ते १०० लिटर पाणी पिते. पाच जनावरं धरली तर पिण्यालाच चारशे-पाचशे लिटर गेलं. गोठा धुणं आणि म्हशींची अंघोळ वेगळी. उजनीच्या कालव्यावर शेत असेल तर हा हिशोब सोपा आहे. सांगोला, मंगळवेढ्याच्या कोरडवाहू भागात मात्र एप्रिलमध्ये बोअर किती तास चालतं ते आधी बघा, मग सांगोल्याच्या जनावरांच्या बाजाराचं नाव काढा.

समजा, तुमच्याकडे तीन संकरित गाई आणि दोन पंढरपुरी म्हशी आहेत. आमच्याकडे असाच गोठा आहे, म्हणून तोच डोळ्यासमोर धरतो.

पहाटे पावणेपाचला दिवा लावा आणि बादलीला हात न लावता दावणीवरून एक फेरी मारा. गव्हाणीत कुणाची वैरण उरली आहे, कोण उठायला कुचराई करतंय, कुणाचं शेण पातळ झालंय, कुणाची नाकपुडी कोरडी आहे, एवढंच बघायचं. निरोगी जनावराची नाकपुडी ओलसर असते. रात्रीची वैरण न खाल्लेल्या गाईला थर्मामीटर लावा. गाईचं अंग १०१ ते १०२ फॅरनहाइट असतं. १०३ च्या पुढे गेलं तर डॉक्टरांना तेव्हाच फोन करा, संध्याकाळची वाट बघू नका. गोचीड तापात एक दिवस उशीर फार महाग पडतो.

मग शेण काढून जागा कोरडी करा आणि धारेला बसा. कास कोमट पाण्यानं धुवा, कोरड्या फडक्यानं पुसा. प्रत्येक जनावराला फडकं वेगळं. प्रत्येक सडाच्या पहिल्या दोन-तीन धारा काळ्या कापडावर घ्या. त्यात गाठी, पाणचटपणा किंवा रक्ताची छटा दिसली तर दगडीची, म्हणजे कासेच्या सुजेची, सुरुवात आहे असं समजा. ते दूध वेगळं काढा आणि त्या गाईची धार सगळ्यांत शेवटी घ्या, नाहीतर तुमच्याच हातानं रोग पुढच्या कासेला जातो. पान्हा सुटला की सात-आठ मिनिटांत धार संपवायची. मध्येच फोन घेतला तर जनावर दूध चोरतं आणि राहिलेलं दूध कासेतच बसतं. पूर्ण मुठीनं पिळा. अंगठा मुडपून पिळायची सवय आपल्याकडे घरोघरी आहे, पण त्यानं सड आतून दुखावतो. शेवटी चारही सड आयोडीनच्या द्रावणात बुडवा.

यातली एक गोष्ट आमच्या घरी उशिरा कळली. आम्ही धारेच्या वेळीच सगळं आंबोण आणि वैरण टाकायचो. पोट भरलं की धार झाल्याझाल्या गाय खाली बसायची, ओल्या शेणात. धारेनंतर सडाचं तोंड अर्धा तास तरी उघडं राहतं, हे कुणी सांगितलंच नव्हतं. एका गाईचे दोन सड गेले तेव्हा डोळे उघडले. आता धारेला मूठभर पेंड, आणि खरी वैरण धार झाल्यावर. गाय खात उभी राहते, तेवढ्यात सड मिटतो.

दूध गाळून स्टीलच्या कॅनमध्ये भरा आणि लगेच संकलन केंद्रावर न्या. केंद्र लांब असेल तर कॅनवर ओलं पोतं गुंडाळा. गाईच्या दुधाला ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक), म्हशीच्या दुधाला ६ आणि ९, या आकड्यांभोवती दर ठरतो. पंढरपुरी म्हैस लिटरनं कमी देते, पण फॅट सातच्या पुढे सहज नेते. शिवाय तलवारीसारख्या शिंगांची ही म्हैस इथल्याच मातीतली, ऊन आणि कडबा दोन्ही पचवते. नवख्या माणसानं पाचही जागा संकरित गाईंनी भराव्यात, हा सल्ला मला पटत नाही. गाईचं फॅट अचानक उतरलं तर खुराक, म्हणजे पशुखाद्य, वाढवू नका. बहुतेक वेळा सुकी वैरण कमी पडलेली असते. रवंथ घटला की फॅट घटतं.

आता वैरण. कडब्याच्या बाबतीत सोलापूरकर नशीबवान आहे. मालदांडी ज्वारीचा कडबा जनावर आवडीनं खातं. पेंढी तशीच टाकली तर बुडखे गव्हाणीत पडून राहतात, म्हणून कुट्टी करा. एका गाईला दिवसाला पाच-सहा किलो कडबा, पंधरा-वीस किलो हिरवा चारा, ५० ग्रॅम खनिज मिश्रण आणि थोडं मीठ द्या. खुराकाचा हिशोब असा: शरीरपोषणाला दीड किलो, त्यावर गाईला प्रत्येक अडीच लिटर दुधामागे आणि म्हशीला प्रत्येक दोन लिटरमागे एक किलो. म्हणजे बारा लिटरच्या गाईला साधारण सव्वासहा किलो, दोन वेळांत वाटून.

दोन ठिकाणी सावध राहा. साखर कारखाने सुरू झाले की वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, मुबलक मिळतं आणि लोक दिवसरात्र तेच टाकतात. वाढ्यातलं ऑक्झलेट शरीरातलं कॅल्शियम बांधून ठेवतं. दूध उतरतं आणि व्यालेली गाय दुग्धज्वरानं बसते. म्हणून वाढं कुट्टी करून, कडब्यात मिसळून द्या आणि खनिज मिश्रण चुकवू नका. दुसरं, पावसानं ताण दिल्यावर सुकत चाललेली कोवळी ज्वारी किंवा कापणीनंतरचे गुडघ्याखालचे फुटवे. त्यात सायनाइडचं विष तयार होतं आणि मोकळं सुटलेलं जनावर तासाभरातही दगावू शकतं. बांधावरून नेताना तिथं तोंड घालू देऊ नका.

हिरव्याचा उन्हाळी तुटवडा मुरघासानं, म्हणजे हवाबंद मुरवलेल्या चाऱ्यानं, भागवा. मक्याचा दाणा दुधाळ अवस्थेतून घट्ट होऊ लागला की कापा, कुट्टी करा, पिशवीत दाबून हवा पूर्ण काढा. ४५ दिवसांनी उघडा आणि रोज वरचा थर सारखा काढत जा.

दुपार ही इथली खरी परीक्षा. मे महिन्यात पारा ४२-४३ ला जातो आणि एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) रक्ताची गाय २५ अंशांच्या पुढेच बेचैन व्हायला लागते. श्वास मिनिटाला साठच्या वर गेला, तोंड उघडं पडून लाळ गळू लागली की तिला उन्हाचा ताण बसला. पत्र्यावर बाहेरून चुना मारा, वर उसाचं पाचट अंथरा, पश्चिमेला गोणपाट बांधून भिजवत राहा. वारा अडेल इतकं झाकू नका, दमट उकाडा कोरड्या उन्हापेक्षा वाईट. म्हशीला घाम कमी आणि कातडी काळी, म्हणून तिच्या अंगावर दुपारी दोन-तीनदा पाणी ओता. पाणी दिवसभर समोर असू द्या. टाकी सावलीत ठेवा. उन्हानं तापलेलं पाणी गाय हुंगून सोडते. जड वैरण पहाटे आणि रात्री टाका, अकरा ते चार थोडकीच. आमच्याकडे एवढ्या बदलानं उन्हाळ्यातली दुधाची घसर बरीच थांबली, पेंडीचं जादा पोतं न आणता.

संध्याकाळची धार सकाळच्या बरोबर बारा तासांनी. लग्न असो वा यात्रा, वेळ बदलू नका.

लसीकरण थोडक्यात: लाळ-खुरकुताची लस दर सहा महिन्यांनी, घटसर्प आणि फऱ्याची पावसाळ्याच्या तोंडावर, लम्पीची दरवर्षी. तारीख वहीत लिहून ठेवा.

रात्री नऊला शेवटची फेरी. ही फेरी मुख्यतः माजासाठी असते, कारण म्हशीचा माज मुका असतो आणि रात्रीच उमटतो. काचेसारखा चिकट स्राव, वारंवार थोडं थोडं मुतणं, दूध कमी देणं, एवढ्याच खुणा मिळतात. संध्याकाळी माज दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी रेतन करून घ्या, सकाळी दिसला तर त्याच संध्याकाळी. तारीख लिहा आणि एकविसाव्या दिवशी पुन्हा नीट बघा; उलटली नाही, म्हणजे पुन्हा माजावर आली नाही, तर तीन महिन्यांनी गाभण तपासून घ्या. गाईला २८० दिवस, म्हशीला ३१० दिवस मोजून विण्याची तारीख काढा आणि त्याच्या साठ दिवस आधीच्या तारखेवर लाल पेनानं लिहून ठेवा: धार बंद.