घरून काम आणि अंगावरचे बाळ: दिवसाची आखणी कशी करावी

प्रसूतीची रजा संपताना घरूनच काम करण्याची मुभा मिळाली की घरातील सगळे सुटकेचा श्वास टाकतात. बाळ शेजारच्याच खोलीत असणार, मग पाजण्याची चिंता कसली? घोडबंदर रस्त्यावरील आमच्या छोट्या घरात मीही याच समजुतीने कामावर रुजू झाले आणि पंधरा दिवसांत लक्षात आले की बाळ हाताशी असल्यामुळेच त्याला पाजणे ‘एवढा कॉल झाला की’ म्हणत पुढे ढकलले जाते. कार्यालयात जाणारी आई निदान ठरलेल्या वेळी दूध काढते. घरी बसलेल्या आईकडून तेही राहून जाते. अंगावरच्या दुधाचा हिशेब मात्र सरळ आहे. दूध जितके वारंवार निघेल तितके नवे तयार होते आणि ते साचून राहू लागले की शरीर हळूहळू निर्मिती कमी करते. म्हणून आधी पाजण्याच्या वेळा धराव्यात आणि कामाच्या बैठका त्यांच्या मधल्या जागेत बसवाव्यात.

यासाठी रुजू होण्याच्या दोन-तीन आठवडे आधीपासून बाळ साधारण कोणत्या वेळी पिते याची वहीत नोंद ठेवावी. घड्याळाप्रमाणे पिणारे बाळ क्वचितच असते, तरी आठवड्याभरात एक लय दिसू लागते. त्या वेळा कार्यालयीन कॅलेंडरमध्ये ‘उपलब्ध नाही’ अशा रोखून ठेवाव्यात आणि वरिष्ठांना त्याचे कारण लेखी, संकोच न बाळगता कळवावे. पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांच्या पगारी रजेची तरतूद प्रसूती लाभ कायद्यातील २०१७ च्या दुरुस्तीने झाली आणि रजेनंतर परस्पर संमतीने घरून काम करण्याचा मार्गही तिनेच मोकळा केला. मूल १५ महिन्यांचे होईपर्यंत नेहमीच्या विश्रांतीखेरीज पाजण्यासाठी दिवसातून दोन सुट्ट्या कायद्याने मान्य आहेत. त्या मागताना उपकार मागितल्यासारखा सूर लावू नये.

घरून काम करताना दूध काढून ठेवण्याची गरज नाही, हा समज पहिल्या लांबलेल्या बैठकीतच खोटा ठरतो. पहाटेच्या पाजण्यानंतर स्तनांत बहुधा दूध जास्त असते, तेव्हा हाताने किंवा पंपाने थोडे काढून ठेवावे. सुरुवातीला वाटीचा तळही झाकला जात नाही, त्याने घाबरून जाऊ नये. पंपाने किती निघाले यावरून बाळाला किती मिळते हे ठरत नाही; बाळाचे वजन वाढते आहे आणि दिवसरात्रीत सहा किंवा अधिक वेळा शू होते आहे, हीच खरी खूण. दूध झाकणाच्या स्टीलच्या किंवा काचेच्या भांड्यात, एका वेळेला पुरेल एवढेच भरावे आणि भांड्यावर तारीख-वेळ चिकटवावी.

साठवणीबाबत आपल्याकडच्या हवेचा विचार करायलाच हवा. बाहेर चार तास दूध टिकते असे सांगितले जाते ते २५ अंशांपर्यंतच्या तापमानाला. एप्रिल-मे महिन्यांतल्या ठाण्यात किंवा कोपरखैरण्यात बंद खोलीतही पारा त्याच्या वर असतो, त्यामुळे दूध काढल्याबरोबर फ्रिजमध्ये, दारातल्या कप्प्यात नव्हे तर आत मागच्या बाजूला ठेवावे. फ्रिजमध्ये ते चार दिवसांपर्यंत चालते, पण दिवसभर उघडझाप होणाऱ्या आणि मधूनच वीज जाणाऱ्या घरात मी २४ तासांची मर्यादा पाळली आणि तीच सुचवीन. दूध गरम करण्यासाठी भांडे कोमट पाण्यात ठेवावे. गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये तापवू नये. वर साय धरलेली दिसली तर भांडे हलकेच फिरवावे, दूध नासलेले नसते. बाळाचे उष्टे उरलेले दूध दोन तासांनंतर टाकून द्यावे, कितीही जिवावर आले तरी.

हे दूध बाळाला बाटलीऐवजी वाटी-चमच्याने किंवा आपल्या जुन्या बोंडल्याने पाजावे, कारण ती भांडी स्वच्छ करणे सोपे असते आणि बाटलीच्या चोखण्याची सवय लागत नाही. पाजणारी व्यक्ती आजी असो, बाबा असो की मावशी, तिने भुकेच्या खुणा आधी ओळखायला शिकावे: बाळ मुठी तोंडात घालते, मान वळवून शोधते, ओठ चाटते; रडणे ही फार उशिराची खूण आहे. त्या वेळी आईने दाराआड राहावे हे बरे, कारण आई दिसली किंवा तिचा आवाज आला की वाटीतले दूध बाळ हमखास नाकारते.

सर्वांत अवघड असतो संध्याकाळचा वेळ. ऐरोली-महापे पट्ट्यातील कंपन्यांत काम करणाऱ्या अनेकजणींचे परदेशी ग्राहकांशी बोलणे सातनंतर सुरू होते आणि बाळेही नेमकी त्याच वेळी चिडचिडी होऊन वारंवार पिऊ पाहतात. यात दोष बाळाचा नाही आणि दूध कमी झाल्याची ती खूणही नाही. ज्या बैठकीत केवळ ऐकायचे आहे ती कॅमेरा बंद करून, पाठीला उशी आणि पायाखाली पाट घेऊन पाजता पाजता ऐकता येते. स्वतःला बोलायचे असेल तर तासभर आधी पोटभर पाजून घ्यावे. एका हाताने बाळाचे डोके सावरत दुसऱ्या हाताने टंकलेखन मात्र टाळावे. मी ते महिनाभर केले आणि मनगटाच्या दुखण्याने पुढचे दोन महिने काढले.

घरातील वडीलधाऱ्या बायका अळिवाची खीर, डिंकाचे लाडू आणि बाळंतशेपा पुढे करतील. ते आनंदाने खावे, कारण पहिल्या सहा महिन्यांत पाजणाऱ्या आईला रोज सुमारे ६०० जादा कॅलरी लागतात. मात्र लाडू खाल्ले म्हणून वगळलेले पाजणे भरून निघत नाही. पाण्याचा तांब्या लॅपटॉपशेजारी असू द्यावा. सहा महिन्यांनंतर नाचणीचे सत्त्व, मऊ मुगाची खिचडी सुरू झाली की दुपारची ओढाताण आपोआप कमी होते, अंगावरचे दूध पुढे दोन वर्षे किंवा अधिकही चालू ठेवता येते.

काही आठवड्यांनी आठवड्यातून एखाद-दोन दिवस कार्यालयात बोलावणे येतेच. खारघरहून ऐरोलीला जाऊन येण्यात आणि कामाच्या तासांत तीन पाजण्या सहज चुकतात, तेव्हा तिथेही त्याच वेळांना दूध काढावे आणि बर्फाच्या पिशव्यांसह थंड पिशवीत घरी आणावे. ते न केल्यास परतीच्या प्रवासात पान्हा दाटून स्तन दगडासारखे होतात. एखाद्या ठिकाणी गाठ, लाली आणि सोबत ताप आला तर त्या बाजूने पाजणे बंद न करता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. रविवारच्या सुट्टीपर्यंत थांबू नये.