रान तोडण्याआधी पऱ्ह्या मोजून ठेवा

वरच्या रानाची तोड ठरली की वाडीत वाद सुरू होतो. कुणी म्हणतं पऱ्ह्याचं, म्हणजे डोंगरातून येणाऱ्या ओढ्याचं, पाणी आटणार, कुणी म्हणतं काही होत नाही. माझं म्हणणं एवढंच, की तोडीआधीच्या निदान एका हंगामाचा आकडा वहीत हवा. तो नसेल तर पुढच्या वर्षी तुलना कशाशी करणार?

आपल्याकडे कोकणात वर्षाला सरासरी 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पण बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरात. एका गुंठ्यावर 100 मिलिमीटर पडला तर साधारण 10,000 लिटर पाणी होतं. ते मुरलं तर पऱ्ह्या शिमग्यापर्यंत वाहतो. नाही मुरलं तर एकदोन दिवसांत खाडीला मिळतं.

दिवाळी झाली की मोजायला लागा. पऱ्ह्या जिथे अरुंद आहे तिथे चिखल-दगडांचा छोटा बांध घाला आणि सगळं पाणी पोफळीच्या पन्हळीतून काढा. खाली 10 लिटरची बादली धरा, मोबाईलवर सेकंद बघा. तीनदा भरून सरासरी घ्या. 8 सेकंदांत भरली तर दिवसाला 1,08,000 लिटर. आठवड्यातून एकदा, नेहमी सकाळीच मोजा; उन्हं चढली की काठावरची झाडं पाणी ओढतात आणि धार बारीक होते. पाणी भरणाऱ्या बायकांनाही विचारा. कुठला दगड कधी उघडा पडतो हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं.

मग जमीन तपासा. दोन्ही तळ कापलेला पत्र्याचा डबा दोन इंच मातीत ठोका. पहिलं लिटरभर पाणी नुसतं मुरू द्या, दुसरं मुरायला किती वेळ लागतो ते मोजा. आमच्याकडे ऐन-किंजळीच्या झाडांच्या पाल्याखाली दुसरं लिटर बघता बघता गेलं. शेजारीच जेसीबी फिरवून काजू लावलाय, तिथे डब्यात पाणी तसंच उभं. वरची मऊ माती खरवडली गेली होती आणि खालची यंत्राखाली दाबून घट्ट झाली होती.

झाडंही पाणी पितात, हे विसरू नका. उघड्या माळावर दाट अकेशिया लावला की झरा वाढेलच असं नाही. मुरणारं पाणी झाडं पितात त्यापेक्षा जास्त असेल तरच पऱ्ह्याला मिळतं. म्हणून जुनं मिश्र रान राखणं मला नव्या लागवडीपेक्षा मोलाचं वाटतं.

तोड थांबत नसेल तर ठेकेदाराशी आधीच ठरवा: पऱ्ह्याच्या दोन्ही काठांची झाडं राहतील, मुळं उपटायची नाहीत, पाला जाळायचा नाही, कलमांसाठी फक्त खड्डे मारायचे. समपातळी चर, म्हणजे पाणी मुरवायला उताराला आडवे खणलेले चर, सौम्य उतारावरच खणा. खडा उतार, जाड माती, त्यात भेगा असतील तर पाणी मुरवायला जाऊ नका. 22 जुलै 2021 ला महाडजवळ तळीयेत डोंगर खाली आला, तो अतिवृष्टीतच. अशा जागी आधी भूवैज्ञानिकाला बोलवा.

वहीची एक प्रत ग्रामपंचायतीत द्या, आणि दिल्याची पोच घ्या.