सोल्रचं उत्तर किती बाईटचं येतंय ते मोजायचं कसं

कोल्हापूरच्या चप्पल लाईनमधल्या एका दुकानाची साईट मी सांभाळतो, सर्च सोल्रवर (शोध घेऊन देणारं सर्व्हर सॉफ्टवेअर) आहे. मालकांचा फोन आला, दुकानातल्या वायफायवर झकास चालतंय पण पन्हाळ्याच्या घाटात गिऱ्हाइकानं उघडलं की नुसतं गोल फिरतंय. लॉग बघितला तर क्यूटाईम (सोल्र प्रत्येक क्वेरीला लिहितं तो वेळ) लई कमी, म्हणलं सर्व्हर तर पळतोय की. इथंच गंडलो, क्यूटाईममध्ये फक्त शोधायचा वेळ धरतात, उत्तर लिहून पलीकडं पोचवायचा वेळ त्यात नसतोच, आणि आमचा बॅकएंड तर सोल्रचं उत्तर जसंच्या तसं मोबाईलला द्यायचा.

सुरुवात एका क्वेरीपासून करा. कर्लचं (कमांड लाईनवरनं यूआरएल मागवायचं टूल) आउटपुट डेव्ह नलला, म्हणजे टाकलेलं गायब होतं तिथं, टाका आणि मायनस डब्ल्यू देऊन त्यात टक्क्याचं चिन्ह, पुढं महिरपी कंसात साईझ अंडरस्कोर डाउनलोड लिहा, बॉडीचे बाईट छापून येतात, हेडर सोडून. यूआरएल अवतरणात घाला हां, नाहीतर शेल पहिल्या अँपरसँडलाच कमांड तोडतं, पुढचे पॅरामीटर सोल्रपर्यंत जातच नाहीत आणि तुम्ही भलताच आकडा वहीत लिहून मोकळे (माझा अर्धा दिवस गेलाय यात). जिझिप, म्हणजे दाबून लहान केलेलं उत्तर, कर्ल आपणहून मागत नाही, ब्राउझर मागतो, म्हणून कॉम्प्रेस्ड ऑप्शन देऊन आणि न देता, दोन्ही मोजा.

आता आपल्या मराठीची गंमत. यूटीएफ-8 मध्ये देवनागरीचं एकेक चिन्ह 3 बाईट खातं, काना मात्रा हलंत सगळं वेगळं धरून. "कोल्हापूर" म्हणजे 9 चिन्हं, 27 बाईट, इंग्रजीत तेच 8 बाईटमध्ये बसतं. म्हणून उत्तर फाईलमध्ये घेऊन डब्ल्यूसी मायनस सी नं बाईट आणि मायनस एम नं चिन्हं मोजा, दोन आकड्यांत लई फरक दिसला तर वजन मराठी मजकुराचं आहे समजायचं. आमच्यात तसंच निघालं, कापशी असो की पुकारी, प्रत्येक चपलेमागं अख्खी वर्णनाची पोथी जात होती.

एका क्वेरीवर भागत नाही, दिवसभराचं बघायला जेट्टीचा (सोल्र ज्या वेब सर्व्हरवर चालतं तो) रिक्वेस्ट लॉग घ्या, सोल्रच्या लॉग फोल्डरमध्येच असतो. स्पेसनं तोडला तर सातवा रकाना यूआरएल आणि दहावा बाईट, ऑकनं दोन्ही काढा, बाईटच्या आकड्यानं उलटं सॉर्ट करा आणि वरच्या 20 ओळी बघा. सरासरी काढत बसू नका, शंभर हलक्या क्वेऱ्यांत एक हत्ती लपून जातो. एचटीटीपी पोस्टनं आलेली क्वेरी मात्र तिथं वाचता येत नाही, यूआरएलमध्ये नसते ना ती.

जड क्वेरी सापडली की rows पॅरामीटर (किती रेकॉर्ड पाठवायचे ते) 0 करून परत मोजा. जे उरलं ते सोल्रच्या उत्तरातल्या स्वतःच्या हेडरचं (एचटीटीपीचं नव्हे) आणि फॅसेटचं (साईज, रंग असं गटवार मोजून दिलेली यादी), ते मूळ आकड्यातनं वजा केलं की रेकॉर्डचं वजन निघालं. रेकॉर्ड जड असतील तर एफएलमध्ये (कुठली फील्ड पाहिजेत ते सांगायचा पॅरामीटर) आयडी, नाव, किंमत, फोटो एवढंच मागा, एफएल दिला नाही तर सोल्र स्टोअर केलेली सगळी फील्ड पाठवतं. फॅसेट जड असेल तर फॅसेट लिमिट बघा, न सांगता ते 100 असतं, आणि चपलेच्या साईजला 100 कशाला पाहिजेत? सोल्र 7 पासून जेसन उत्तरात इंडेंटही (ओळींपुढं सोडलेली मोकळी जागा) आपोआप चालू असतं, ते बंद करून एकदा मोजा, नुसत्या स्पेसच किती जात होत्या ते कळतंय.