पडदा काचेच्या बाहेर लावा

पश्चिमेच्या खिडकीला जाड पडदा ओढूनही खोली तापतेच. ऊन काचेतून आत आलेलं असतं. पडदा तापतो आणि त्याची धग खोलीतच राहते.

म्हणून ऊन बाहेरच अडवा:

१. बांबूचा पडदा किंवा शेडनेट खिडकीबाहेर, काचेपासून वीतभर अंतर सोडून टांगा.
२. वरची फट बुजवू नका, तापलेली हवा तिथूनच निघून जाते.
३. ऊन काचेवर यायच्या आधी पडदा खाली सोडा. मावळतीनंतर गुंडाळा, खिडक्या उघडा.

फरक बघायचाय? भर उन्हात काचेला आतून हात लावा, एकदा पडद्याशिवाय, एकदा पडद्यासकट. पूर्वेच्या खिडकीलाही हेच, फक्त सकाळी.

खालची टोकं मात्र घट्ट बांधा. वाऱ्याने पडदा आपटून आमची एक काच गेलीये.