संघातील उरलेल्या तिघांनी काय करावे

ऑनलाइन व्हिडिओ गेममधील पाच जणांच्या संघात एखाद्या मुलीने माइक सुरू करून "दोघे डावीकडून येत आहेत" एवढेच सांगितले आणि त्यावर कोणी तिच्या आवाजावरून शेरा मारला, तर त्या क्षणी एक जण बोललेला असतो, एकीने ऐकून घेतलेले असते आणि तिघे गप्प असतात. या विषयावरील बहुतेक सल्ले त्या एकटीलाच दिले जातात: म्यूट कर, ब्लॉक कर, वापरकर्तानाव बदल, माइक बंद ठेव. हे उपाय निरुपयोगी नाहीत. परंतु ज्या खेळात डावपेच बोलूनच ठरतात, तेथे माइक बंद ठेवणे म्हणजे निम्मा खेळ सोडून देणे होय, आणि तो दरवेळी तिनेच का सोडावा, हा प्रश्न शिल्लक राहतो. म्हणून येथील सूचना प्रामुख्याने उरलेल्या तिघांसाठी आणि त्यांच्या गटाच्या मॉडरेटरसाठी, म्हणजे गटाचे नियम सांभाळणाऱ्यासाठी, आहेत.

असे शेरे तिच्या खेळामुळे येतात, हा गैरसमज आधी दूर करावा. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात संशोधकांनी 'हेलो 3' या खेळात तीच वाक्ये कधी स्त्रीच्या, तर कधी पुरुषाच्या ध्वनिमुद्रित आवाजात ऐकवली, तेव्हा स्त्रीच्या आवाजाला उद्देशून आलेल्या नकारात्मक प्रतिक्रिया सुमारे तिप्पट निघाल्या. त्याच खेळावरील 2015 च्या अभ्यासात असे आढळले की, स्त्रीच्या आवाजाशी अधिक वैराने वागणारे पुरुष हे खेळात तुलनेने मागे पडलेले होते. त्यामुळे "तीही नीट खेळत नव्हती" या सबबीवर चर्चा करण्यात वेळ घालवू नये.

शेरा ऐकू येताच पहिल्या काही सेकंदांत, चढ्या आवाजात नव्हे तर सपाट स्वरात, एकच वाक्य बोलावे: "हे बोलणे बंद कर, खेळाबद्दल बोल." त्यानंतर लगेच तिने दिलेल्या माहितीवर कृती करावी: "डावीकडे दोघे आहेत ना, मी तिकडे जातो." या दोहोंपैकी दुसरे वाक्य मला अधिक महत्त्वाचे वाटते, कारण त्यामुळे ती पुन्हा चर्चेचा विषय न राहता संघातील खेळाडू होते. पहिल्याने बोलण्याचे धैर्य केले की उरलेल्या दोघांनी केवळ "बरोबर आहे" म्हटले तरी पुरते. शेरा मारणाऱ्याशी वाद घालू नये, कारण त्याला तेच हवे असते. त्याला आई-बहिणीवरून शिव्या देणे तर सर्वथा टाळावे. स्त्रीच्या बाजूने बोलताना तिसऱ्याच स्त्रीचा उद्धार करण्याची आपली सवय इतकी जुनी आहे की, ती आपल्या ध्यानातही येत नाही. तसेच मदत केल्याचे निमित्त करून सामना संपताच तिला मैत्रीची विनंती पाठवणे, तिचे वय विचारणे किंवा "बिचारीला सोडा" अशी दया दाखवणे, हेही तिच्या दृष्टीने त्याच त्रासाचे सौम्य रूप असते.

यानंतर रिपोर्ट करावा, आणि तो फक्त तिने नव्हे, तर ऐकणाऱ्या प्रत्येकाने करावा. योग्य वर्ग निवडावा; लैंगिक शेरेबाजीची नोंद 'खिलाडूवृत्तीचा अभाव' या सदरात केली, तर ती किरकोळ तक्रारींत हरवते. एक्सबॉक्स या गेमिंग कन्सोलवर जुलै 2023 पासून आवाजी संवादाची 60 सेकंदांची क्लिप जपून ठेवता येते आणि ती 24 तासांच्या आत तक्रारीला जोडता येते. इतरत्र स्क्रीनशॉट घेताना त्यात वापरकर्तानाव, वेळ आणि सामन्याचा क्रमांक दिसेल याची खात्री करावी. डिस्कॉर्ड या गटसंवादाच्या अॅपवरील आक्षेपार्ह संदेश रागाच्या भरात आधी पुसून टाकू नये. आधी तक्रार नोंदवावी आणि मग तो काढावा.

छळ खेळाबाहेर पसरला, तर पवित्रा बदलावा लागतो. ऑगस्ट 2014 मध्ये सुरू झालेल्या 'गेमरगेट' या खेळक्षेत्रातील स्त्रियांविरुद्धच्या ऑनलाइन छळमोहिमेत गेम बनवणाऱ्या झोई क्विन व ब्रिआना वू आणि खेळांची समीक्षा करणाऱ्या अनिता सार्कीसियन यांना धमक्या आल्या आणि त्यांना आपापली घरे सोडावी लागली. अशा वेळी दुहेरी पडताळणी (पासवर्डसोबत आणखी एक कोड) सुरू करणे, प्रत्येक खात्याला वेगळा पासवर्ड ठेवणे आणि खेळातील नाव इतर खात्यांवर न वापरणे ही तिची तयारी झाली. मित्रांचे काम वेगळे आहे. त्यांच्यापैकी एकाने तिच्या वतीने येणारे संदेश वाचून पुराव्यांची तारीखवार नोंद ठेवावी, म्हणजे तिला प्रत्येक धमकी स्वतः वाचावी लागणार नाही आणि पोलिसांकडे जाताना कागद तयार असतील. तिच्या घरचा पत्ता उघड झाला असेल, तर तो "पाहा, काय चालले आहे" असे म्हणून निषेधासाठीसुद्धा पुढे पाठवू नये.

खरी कसोटी मॉडरेटरची असते. 2012 मध्ये कॅमेऱ्यासमोर चाललेल्या एका फायटिंग गेमच्या स्पर्धेत एका स्त्री खेळाडूला तिच्याच संघाच्या प्रशिक्षकाने अनेक दिवस लैंगिक शेरेबाजीने हैराण केले. अखेर तिनेच स्पर्धा सोडली, आणि हा त्या खेळाच्या संस्कृतीचा भाग असल्याचे समर्थनही प्रशिक्षकाने केले. नियम लेखी नसले की असेच समर्थन चालून जाते. म्हणून "सर्वांशी आदराने वागा" अशा मोघम वाक्याऐवजी उदाहरणे देऊन लिहावे: आवाजावरून शेरे, शरीराविषयी प्रश्न, बलात्काराचे विनोद, नकारानंतरही खासगी संदेश. पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या वेळी काय होईल हेही लिहावे, आणि गटातील सर्वांत वरच्या रँकच्या खेळाडूला तोच नियम लावावा. बहुतेक गट नेमके येथेच कच खातात.

फसवणुकीच्या आरोपासाठी वेगळा नियम हवा. 2016 मध्ये 'ओव्हरवॉच' खेळणाऱ्या दक्षिण कोरियातील गेगुरी हिचा नेम इतका अचूक होता की, ती फसवणूक करते असा आरोप झाला आणि तिला कॅमेऱ्यासमोर खेळून तो खोडावा लागला. 2018 मध्ये ती ओव्हरवॉच लीग या त्या खेळाच्या व्यावसायिक स्पर्धेतील पहिली स्त्री खेळाडू ठरली. असा संशय उघड चॅटमध्ये मांडण्यास मनाई करावी. ज्याला तो असेल त्याने क्लिपसह मॉडरेटरकडे यावे, आणि सिद्ध करण्याची जबाबदारी आरोप करणाऱ्याचीच राहावी.

तक्रार आली की निर्णय किमान दोन मॉडरेटरनी मिळून घ्यावा, तक्रारदाराचे नाव आरोपीला कळू देऊ नये, आणि ठरलेल्या मुदतीत तिला निकाल कळवावा, मग तो तिच्या मनासारखा नसला तरी. बंदी घातलेला माणूस नव्या नावाने परतल्याचे तिनेच सांगितले, तर जुनी नोंद शोधून तेथूनच पुढे जावे. सगळी हकिकत तिच्याकडून पुन्हा वदवून घेऊ नये.