गॅरेजचा रिमोट चालेना? लर्न बटण दाबून धरण्याआधी या चुका टाळा

अमेरिकेत घर घेतलेल्या बहुतेक मराठी कुटुंबांत पुढचा दरवाजा फक्त पाहुण्यांसाठी उघडतो. घरच्यांची ये-जा गॅरेजमधूनच. त्यामुळे गॅरेजचा रिमोट बंद पडला की सकाळी ऑफिसच्या घाईत सगळं घर अडतं, आणि मग पहिला सुचणारा उपाय म्हणजे ‘रिसेट’. शिडी लावून छताला टांगलेल्या मोटरवरचं बटण कोणीतरी दाबून धरतं आणि खाली उतरतं, तेव्हा एका रिमोटऐवजी घरातले सगळे रिमोट, बाहेरचा कीपॅड आणि गाडीतलं बटण, सगळंच बंद झालेलं असतं.

रिसेटची खरी गरज सुरक्षेसाठी असते, दुरुस्तीसाठी फार क्वचित. लोक नेमकं उलट करतात. सेल संपला की रिसेट करतात आणि नव्या घरात राहायला गेल्यावर, जेव्हा तो करायलाच हवा, तेव्हा विसरतात.

दाबणं वेगळं, दाबून धरणं वेगळं

चेंबरलेन आणि लिफ्टमास्टर हे एकाच कंपनीचे ओपनर, म्हणजे दार उघड-बंद करणारी मशीनं, आणि अमेरिकेत घरोघरी हेच जास्त दिसतात. त्यांच्या मोटरवर, बहुधा लोंबणाऱ्या अँटेनाच्या तारेजवळ, एक रंगीत लर्न बटण असतं. ते एकदा दाबून सोडलं की शेजारचा बारीक दिवा लागतो आणि साधारण ३० सेकंद मशीन नवा रिमोट शिकायला तयार राहतं. तेच बटण दिवा विझेपर्यंत, म्हणजे सुमारे ६ सेकंद, दाबून धरलं की आजवर शिकवलेले सगळे रिमोट आणि कीपॅड पुसले जातात. बहुतेक मशीनवर एकच रिमोट निवडून पुसायची सोय नसते. म्हणून शिडीवर चढण्याआधी स्वतःशी पक्कं ठरवा की एक रिमोट जोडायचाय की सगळे काढून टाकायचेत.

वीज जाऊन आली म्हणून मशीन रिमोट विसरत नाही, तेवढ्यासाठी पुन्हा प्रोग्रॅमिंग करायची गरज नाही.

आधी बिघाड कुठे आहे ते बघा

भिंतीवरचं बटण दाबा. त्याने दार उघडत असेल पण एकही रिमोट आणि कीपॅड चालत नसेल, तर बहुतेक वेळा भिंतीवरच्या पॅनेलवरचं लॉक चालू झालेलं असतं. सुट्टीवर जाताना बाहेरून कुठलाही रिमोट चालू नये म्हणून ही सोय दिलेली आहे. मुलांच्या हाताने किंवा भिंतीला टेकवलेल्या झाडूच्या दांड्याने ते बटण दाबलं जातं, आणि पॅनेलवरचा दिवा लुकलुकत असतो पण कोणाचं लक्ष जात नाही. दोन-तीन सेकंद लॉक दाबून धरा, काम झालं. एवढ्यासाठी तंत्रज्ञाला बोलावून पैसे भरलेले लोक मला माहीत आहेत, म्हणून हे सगळ्यात आधी सांगतेय.

एकच रिमोट बंद आणि बाकीचे चालू असतील तर सेल बदला. नव्या रिमोटमध्ये बहुधा सीआर २०३२ हा चपटा सेल असतो, काही जुन्यांत १२ व्होल्टचा छोटा ए२३. रिमोटवरचा दिवा लागतोय म्हणजे सेल चांगला आहे असं समजू नका. दिवा लागण्यापुरती ताकद उरलेली असते, पण सिग्नल ड्राइव्हवेच्या टोकापासून पोचत नाही. गाडी दाराला अगदी चिकटवल्यावरच दार उघडू लागलं तर हेच कारण. आणि जुना सेल काढल्यावर तो वर्कबेंचवर तसाच टाकू नका. असा चपटा सेल लहान मुलाने गिळला तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते. चिकटपट्टीत गुंडाळून लगेच मुलांच्या हाताबाहेर ठेवा.

सेल नवा, लॉक बंद, तरीही सगळ्याच रिमोटचा पल्ला अचानक कमी झालाय? ओपनरमधला बल्ब अलीकडे बदललाय का, ते आठवून बघा. स्वस्त एलईडी बल्बमधल्या सर्किटमधून रेडिओचा गोंगाट निघतो आणि तो नेमका ओपनरच्या कानाशी बसलेला असतो. बल्ब काढून रिमोट दाबून पाहा. लांबून दार उघडलं तर गुन्हेगार सापडला. गॅरेज ओपनरसाठी म्हणून वेगळे एलईडी बल्ब मिळतात, तेच लावा.

लष्करी तळाजवळ राहणाऱ्यांच्या बाबतीत एक खरंखुरं कारण आणखी आहे. जुने ओपनर ३९० मेगाहर्ट्झवर चालायचे. २००४-०५ च्या सुमारास अमेरिकी सैन्याने त्याच पट्ट्यात नवे रेडिओ वापरायला सुरुवात केली आणि तळांच्या आसपासचे रिमोट चालेनासे झाले. त्यानंतर चेंबरलेनने ३१५ मेगाहर्ट्झचे ओपनर आणले आणि नंतर एकाहून जास्त फ्रिक्वेन्सींवर बोलणारे. जुन्या मशीनला असा त्रास होत असेल तर कितीही वेळा रिमोट शिकवून उपयोग नाही.

आता सगळ्यात फसवणारं लक्षण. रिमोटने दार उघडतं, पण बंद करताना थोडं खाली येऊन परत वर जातं किंवा हलतच नाही, आणि ओपनरचा दिवा लुकलुकतो. लोक म्हणतात, रिमोट अर्धवट बिघडला. रिमोट अर्धवट बिघडत नाही. ज्या बटणाने दार उघडलं त्याच बटणाने ते बंद होतं, सिग्नल तोच. दोष दाराच्या दोन्ही बाजूंना जमिनीलगत बसवलेल्या, मध्ये काही आलं की दार बंद होऊ न देणाऱ्या सेन्सरचा असतो. लहान मुलं दाराखाली सापडून दगावल्यानंतर अमेरिकेत १९९३ पासूनच्या ओपनरना ही जादा सुरक्षा सक्तीची झाली. हे सेन्सर जमिनीपासून ६ इंचांपेक्षा उंच लावायचे नसतात, त्यामुळे फावडं, चपलांचा ढीग, कोळ्याचं जाळं, काहीही मध्ये येतं. चेंबरलेनच्या जोडीत एका बाजूला पिवळसर आणि दुसऱ्या बाजूला हिरवा दिवा असतो. हिरवा स्थिर नसेल तर दोन्ही डोळे एका रेषेत नाहीत. हाताने हळू फिरवून सरळ करा, काच मऊ कापडाने पुसा. संध्याकाळी तिरपं ऊन थेट सेन्सरवर पडत असेल तर फक्त त्याच वेळी दार हट्ट करतं. भिंतीवरचं बटण दार पूर्ण खाली येईपर्यंत दाबून धरलं तर सेन्सर असूनही दार बंद होतं, पण हा तात्पुरता उपाय आहे आणि तोही दाराकडे डोळे लावूनच करायचा. सेन्सरच्या तारा जोडून टाकून त्याला ‘गप्प’ करणारे महाभाग असतात. घरात लहान मूल किंवा कुत्रा असेल तर हे पाप करू नका, नसेल तरी करू नका.

रिमोट शिकवताना

ॲमेझॉनवरून चुकीचा रिमोट मागवणं ही पहिली चूक. मोटरवरच्या कंपनीच्या नावावर जाऊ नका, लर्न बटणाचा रंग बघा. चेंबरलेन-लिफ्टमास्टरमध्ये पिवळं बटण २०११ पासूनच्या मशीनवर येतं, जांभळं त्याआधीच्या ३१५ मेगाहर्ट्झच्या मशीनवर, लाल किंवा केशरी त्याहून जुन्या ३९० च्या, आणि हिरवं नव्वदच्या दशकाच्या मध्यातल्या. जांभळ्यासाठीचा रिमोट पिवळ्याला कधीच कळणार नाही. मागवण्याआधी बटणाचा फोटो काढून ठेवा.

मग वेळ. ३० सेकंद ऐकायला भरपूर वाटतात, पण कीपॅड असतो बाहेर, दाराच्या चौकटीवर. शिडीवरून उतरून बाहेर जाईपर्यंत मुदत संपते आणि ‘कीपॅडच खराब आहे’ असा निष्कर्ष निघतो. दोघांनी मिळून करा. एकाने वर लर्न दाबायचं, दुसऱ्याने बाहेर चार आकडी पिन टाकून एंटर दाबायचं, आणि ओपनरचा दिवा लुकलुकला की बोट काढायचं. ओपनरमध्ये बल्ब नसेल तर कान द्या: मोटरमधून टक-टक असे दोन आवाज येतात. आवाज आल्यानंतरही खात्रीसाठी बटण दाबत राहिलात तर दार चालू होतं, म्हणून दाराखाली कोणी उभं नको.

जिनी या दुसऱ्या कंपनीच्या ओपनरवर पद्धत निराळी आहे. प्रोग्रॅम सेटचं बटण गोल दिवा निळा होईपर्यंत धरून सोडायचं. लांबट दिवा जांभळा लुकलुकू लागला की रिमोट सावकाश दोनदा दाबायचा, प्रत्येक वेळी दिव्याकडे बघत. तिसऱ्यांदा दाबल्यावर दार हलतं. भराभर टकटक दाबणाऱ्यांना जिनी दाद देत नाही.

गाडीच्या आरशावर किंवा छतावर असलेलं, रिमोटसारखं चालणारं होमलिंकचं बटण शिकवताना बहुतेकांचा दुसरा टप्पा राहतो. रिमोट बटणाजवळ धरून सिग्नल ओळखून घेणं हा पहिला. पण आताचे रिमोट दर वेळी नवा कोड पाठवतात, त्यामुळे गाडीची ओळख मशीनलाही करून द्यावी लागते. मोटरवरचं लर्न दाबायचं आणि ३० सेकंदांत गाडीतलं बटण दोन-तीनदा दाबायचं. हे केल्याशिवाय गाडीतला दिवा लागेल, दार मात्र हलणार नाही. जुनी गाडी आणि पिवळ्या बटणाचं मशीन अशी जोडी असेल तर दोघांचा मेळ घालणारं वेगळं ब्रिज उपकरणही मध्ये लागू शकतं.

रिसेट करायलाच हवा तेव्हा

घराच्या किल्ल्या हातात आल्या की लोक कुलपं बदलतात. ज्या गॅरेजमधून थेट स्वयंपाकघरात जाता येतं, त्याचं दार मात्र आधीच्या मालकाच्या रिमोटने उघडत राहतं. त्याने दोन रिमोट दिले, पण तिसरा कोणाच्या गाडीत आहे, कीपॅडचा पिन किती रंगाऱ्यांना आणि सफाईवाल्यांना माहीत आहे, कोण सांगणार? पहिल्याच दिवशी लर्न ६ सेकंद धरा आणि आपले रिमोट नव्याने शिकवा. फोनच्या ॲपचं खातं वेगळं असतं. रिमोट पुसले म्हणून जुन्या मालकाचं ॲपही सुटलं असं धरू नका, ते स्वतंत्रपणे काढून घ्या.

सनव्हायझरला अडकवलेला रिमोट गाडीसकट चोरीला गेला तरी त्याच दिवशी हेच करायचं. गाडीच्या खणातल्या कागदांवर घराचा पत्ता असतो, चोराला आणखी काय हवं? गाडी विकताना किंवा लीज संपताना होमलिंकची आठवणही पुसा. बऱ्याच गाड्यांत बाहेरची दोन बटणं एकदम दाबून दिवा भराभर लुकलुकेपर्यंत धरायची असतात.

रिमोटच्या आत इवल्या खटक्यांची ओळ दिसली तर ते डिप स्विचचं जुनं मशीन आहे. १२ खटके म्हणजे फार तर ४०९६ कोड, आणि तोच कोड दर वेळी हवेत जातो. २०१५ मध्ये सॅमी कामकर या सुरक्षा संशोधकाने मॅटेलच्या एका खेळण्यात बदल करून अशी दारं काही सेकंदांत उघडता येतात हे दाखवून दिलं. यात रिसेट करून काही साधत नाही. ओपनर बदला.

कीपॅडचा पिन

१२३४ नको, घराचा नंबर तर मुळीच नको. पिन वर्षानुवर्षं तोच राहिला की चार बटणं झिजून वेगळी दिसतात, बघणाऱ्याला फक्त क्रम ओळखायचा उरतो. आई-बाबा भारतातून काही महिन्यांसाठी येतात तेव्हा कीपॅडसारखी सोय नाही. फोन न घेता संध्याकाळी फिरायला गेले तरी बाहेर अडकत नाहीत. त्यांना एकच सांगून ठेवा की आकड्यांनंतर एंटर दाबायचंच, आणि दार चालू असताना पुन्हा काही दाबायचं नाही, कारण दार मध्येच थांबतं. कामाला येणाऱ्या माणसांसाठी अनेक कीपॅडवर ठरावीक तासांपुरता किंवा ठरावीक वेळांपुरता तात्पुरता पिन देता येतो. आपला पिन देऊन नंतर काळजी करण्यापेक्षा ते बरं. शिकागो-मिनेसोटाच्या थंडीत बाहेरच्या कीपॅडमधली बॅटरी लवकर मान टाकते, हिवाळ्याआधी बदलून ठेवा.

दार चार इंच उचलून थांबलं तर

रिमोट दाबल्यावर मोटर घुरघुरते, दार जेमतेम उचललं जातं आणि थांबतं, तर दाराच्या वरच्या स्प्रिंगकडे बघा. वेटोळ्यांमध्ये फट दिसत असेल तर स्प्रिंग तुटलेली आहे. तुटताना झालेला धाडकन आवाज रात्री कोणीतरी ऐकलेलाही असतो. इथे प्रोग्रॅमिंग, रिसेट, सेल यांचा काही संबंध नाही. मोटरवर जबरदस्ती करू नका, दार अर्धं उघडं असेल तर दार मोटरपासून सोडवणारी लाल दोरी ओढू नका, कारण दाराचं सगळं वजन एकदम खाली येतं. स्प्रिंगला स्वतः पाना लावायचा विचारही नको. मुलांना गॅरेजमधून बाहेर काढा, त्या दिवशी शेजाऱ्यांकडून लिफ्ट घ्या आणि स्प्रिंग बदलणाऱ्याला बोलवा.